टायला कॉलर लागते

१. पाचवीतल्या मुलीचा प्रश्न

माझी भाची यंदा पाचवीत गेली. रोज सकाळी सव्वासहाला तिच्या घरात एकच शोधाशोध असते : टाय कुठंय? हा शाळेचा टाय गाठ आधीच मारलेला येतो. आत प्लास्टिकची पट्टी, मागे इलॅस्टिक आणि हूक. जूनमध्ये इलॅस्टिक घट्ट असतं, दिवाळीपर्यंत सैल पडतं, आणि मग गाठ घसरत घसरत शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी येऊन थांबते. मी तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा ते इलॅस्टिक दुमडून त्याला टाके घालत बसले होते. ती समोर उभी राहून म्हणाली, “मावशी, आमच्या वर्गात सगळ्या मुली टाय लावतात. बाबा पण मीटिंगला लावतात. मग तू का नाही लावत? आई का नाही लावत?”

“टाय पुरुषांचा असतो” असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. टाय तर तिच्याच गळ्यात होता. शिवाय जगात बायका टाय लावत नाहीत असंही नाही. २०२३ मध्ये व्हॅलेंतिनो या इटालियन फॅशन घराण्यानं ‘ब्लॅक टाय’ नावाखाली अख्खा संग्रहच टायभोवती बांधला. २०२४ च्या सप्टेंबरात पॅरिसला सां लोराँच्या कार्यक्रमात बायका रुंद खांद्यांचे सूट आणि पक्की गाठ मारलेले टाय लावून चालल्या. मग काहींच्या गळ्यात तो आहे आणि माझ्या गळ्यात नाही, हे कसं? भाचीला उत्तर द्यायचं तर आधी टाय म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागेल.

२. काम नसलेलं कापड

अंगावरच्या प्रत्येक वस्तूला काही ना काही काम असतं. बटण शर्ट मिटवतं, पट्टा पँट धरून ठेवतो, चप्पल पाय वाचवते. टाय काहीच धरून ठेवत नाही. तो काढला तर काहीही सुटत नाही, उघडं पडत नाही, गार लागत नाही.

सुरुवातीला त्याला थोडंफार काम होतं. युरोपात १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं युद्ध चाललं. त्यात फ्रान्सच्या बाजूनं लढायला क्रोएशियाचे घोडेस्वार आले. त्यांच्या गळ्याला कापडाची पट्टी गुंडाळलेली असे. सदऱ्याचा गळा तिनं मिटायचा आणि वाराही लागायचा नाही. फ्रेंचांना ती आवडली. क्रोएशियन माणसासाठी त्यांच्या भाषेत जो शब्द होता, त्यावरूनच त्यांनी त्या पट्टीला ‘क्रावात’ म्हणायला सुरुवात केली. चौदाव्या लुईच्या दरबारात तिला लेस लागली, आणि पुढे सगळ्या युरोपात ती पोचली.

नंतर शर्टाला कॉलर आली, कॉलरला बटण आलं, आणि पट्टीचं काम संपलं. तरी पट्टी गेली नाही. हे समजायला आपल्या दाराकडे पाहावं. दाराची कडी कामाची असते. तोरण कुठल्याच कामाचं नसतं, त्यानं दार ना बंद होतं ना उघडतं. पण तोरण दिसलं की या घरात आज काहीतरी आहे, हे रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं. टाय हे गळ्यावरचं तोरण आहे. त्याला हातानं करायचं काम उरलेलं नाही, म्हणून त्याच्यात नुसता अर्थच राहिला आहे : हा माणूस कामाला निघाला आहे, याला कुणीतरी मानतं, हा अमुक संस्थेचा आहे. हा अर्थ दोनेकशे वर्षं पुरुषांसाठी राखून ठेवलेला होता. म्हणूनच बाईनं तीच पट्टी गळ्याला बांधली की ती लगेच नजरेत भरते.

३. घोडा आला आणि पट्टीही आली

बायकांच्या गळ्यात ही पट्टी पहिल्यांदा कधी आली? विसाव्या शतकात, असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे ती पुरुषांच्या मागोमागच आली, आणि तिला आणणारा होता घोडा.

सतराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरातल्या बायका शिकारीला आणि रपेटीला जात. घोड्यावर बसताना झालरींचा पोशाख काय कामाचा? त्यासाठी त्यांनी वरचा भाग पुरुषांचा घेतला : अंगाबरोबर कोट, त्याला बटणं, गळ्याला क्रावात. खाली मात्र लांब घेर तसाच. हे कपडे बायकांच्या शिवणकरणीकडे जात नसत, पुरुषांचे कपडे शिवणारा शिंपीच ते शिवायचा. लंडनमध्ये सॅम्युअल पेप्स नावाचे सरकारी अधिकारी रोज डायरी लिहीत. १६६६ च्या जून महिन्यात त्यांनी राणीच्या दरबारातल्या बायका या वेशात पाहिल्या आणि लिहून ठेवलं की, कोटाखालून लोळणारा घेर सोडला तर या बायका आहेत असं कुणी म्हणणार नाही, आणि हे दृश्य आपल्याला रुचलं नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही नापसंती पुढे दर पिढीत जवळजवळ याच शब्दांत ऐकू येते.

ऑगस्ट १६९२ मध्ये, आजच्या बेल्जियममधल्या स्टीनकर्क या गावी फ्रेंच छावणीवर पहाटे अचानक हल्ला झाला. अधिकाऱ्यांना क्रावात नीट बांधायला वेळ मिळाला नाही. त्यांनी ती नुसती पिळली, टोकं कोटाच्या काजात खोचली आणि ते लढायला धावले, असं सांगतात. लढाई फ्रेंचांनी जिंकली आणि गडबडीत बांधलेली ती पट्टी ‘स्टीनकर्क’ या नावानं पॅरिसची फॅशन झाली. ती पुरुषांनी बांधली तशी बायकांनीही बांधली. नीट न बसलेली, घाईत ओढलेली गाठ देखणी दिसते, हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या ध्यानात आलं असावं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

घोड्यावरून उतरल्यावर मात्र नियम बदलायचा. पॅरिसच्या पोलिसांनी १८०० मध्ये हुकूम काढला : बाईला पुरुषी वेश करायचा असेल तर पोलिसांचा परवाना हवा. गुराढोरांची चित्रं काढणाऱ्या प्रसिद्ध चित्रकार रोझा बोनर यांना बाजारात आणि कत्तलखान्यात बसून रेखाटनं करायची असत. त्यांचा १८५७ चा असा परवाना आजही पाहायला मिळतो. १८९२ आणि १९०९ मध्ये या हुकमाला सवलत मिळाली, तीही मजेशीर शब्दांत : बाईच्या हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. हा हुकूम वापरात नव्हता, पण कागदावर होता. तो रद्दबातल असल्याचं फ्रान्सच्या सरकारनं स्पष्ट केलं ते २०१३ मध्ये.

४. कॉलर, सायकल आणि टाईपरायटर

टायचा खरा आधार कॉलर. कॉलर उभी राहिली नाही तर टायला बसायला जागाच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी हॅना मॉन्टेग्यू नावाची गृहिणी राहत होती. नवऱ्याचा शर्ट मळायचा फक्त कॉलरपाशी, आणि धुवावा लागायचा अख्खा. १८२७ मध्ये तिनं कॉलर कापून वेगळी केली, धुतली, आणि परत जोडता येईल अशी केली. हीच सुट्या कॉलरची सुरुवात मानली जाते. ट्रॉय गाव पुढे ‘कॉलर सिटी’ म्हणून ओळखलं गेलं. तिथे कॉलरी धुण्याचं, खळ घालण्याचं, कडक इस्त्री करण्याचं काम उकळत्या पाण्याच्या वाफेत उभं राहून बायकाच करायच्या. १८६४ मध्ये केट मुलानी या तरुण मुलीनं त्यांची संघटना बांधली आणि संप करून मजुरी वाढवून घेतली. साहेबाच्या गळ्यातल्या पांढऱ्याशुभ्र कॉलरीमागे इतके बायकांचे हात होते. बायकांच्या स्वतःच्या गळ्यात ती यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली.

१८८० च्या दशकात दोन सारख्या चाकांची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला. सायकलवर बसायला पुन्हा तेच हवं होतं : सुटसुटीत अंग आणि मोकळे हात. त्याच सुमारास कचेऱ्यांमध्ये टाईपरायटर आला आणि मुली टायपिंगला लागल्या. १९०० पर्यंत अमेरिकेतल्या टायपिस्ट आणि लघुलेखकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या. या नोकरदार मुलीचा गणवेश ठरून गेला : पुरुषी शर्टासारखं पांढरं पोलकं, काळा लांब स्कर्ट, कडक कॉलर आणि टाय. चित्रकार चार्ल्स डॅना गिब्सन यांच्या चित्रांमधून ती मुलगी घराघरात पोचली.

या मुलीला टायच का हवा होता? माझ्या मते उत्तर साधं आहे. ती कचेरीत शिरली तेव्हा तिथं बाईनं काय घालायचं हे ठरलेलंच नव्हतं. दिवाणखान्याचे कपडे होते, स्वयंपाकघराचे होते, मेजवानीचे होते. पगार घेणाऱ्या बाईचे कपडे नव्हते. समोर जी खूण तयार होती ती तिनं उचलली.

हे पांढरं पोलकं शिवायचं कोण? न्यूयॉर्कच्या कारखान्यांत दाटीवाटीनं बसलेल्या, बहुतेक परदेशातून आलेल्या मुली. २५ मार्च १९११ ला ट्रँगल शर्टवेस्ट या कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ माणसं गेली, त्यांत बहुतेक तरुण मुली. टायच्या गोष्टीत हे कशाला, असं कुणी म्हणेल. मला मात्र जुन्या चित्रातली ती हसरी, टाय लावलेली मुलगी पाहताना या मुली आठवल्याशिवाय राहत नाहीत.

५. उसना मान

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात किंवा डोंबिवलीत शोभायात्रा पाहायला उभं राहावं. नऊवारी नेसलेल्या मुली बुलेटवरून येतात आणि डोक्याला फेटा असतो. फेटासुद्धा कापडाचीच पट्टी, आणि कितीतरी काळ पुरुषाच्या मानाची. लग्नात तो मुलाच्या मामाला, काकाला बांधायचा. आता नऊवारीवर फेटा बांधलेली मुलगी पाहून ती पुरुष व्हायला निघाली आहे असं कुणाच्या मनात येत नाही. ती मान मागते आहे, आणि आनंदानं मागते आहे, हे बघणाऱ्याला कळतं. शेजारी नथ असते म्हणून फेटा उठून दिसतो.

टायचं नेमकं हेच आहे. खूण एका घरातून दुसऱ्या घरात उसनी गेली की तिचा जुना अर्थ तिच्याबरोबर जातो आणि नव्या जागी त्याला वेगळी धार येते. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रीडा काहलो यांचं १९२६ मधलं घरचं छायाचित्र आहे, वडिलांनीच काढलेलं. बाकीच्या बायका फ्रॉकमध्ये आहेत. अठरा वर्षांची फ्रीडा मात्र सूट आणि टायमध्ये उभी आहे. आदल्या सप्टेंबरात बसच्या अपघातात तिची हाडं मोडली होती. १९३० च्या ‘मोरोक्को’ या चित्रपटात मार्लीन डीट्रिश पुरुषी कोट, उंच हॅट आणि पांढरा बो-टाय लावून मंचावर येते, गाते, आणि प्रेक्षकांतल्या एका बाईचं चुंबन घेते. त्याच काळात लंडन-पॅरिसमध्ये बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठी टाय ही एकमेकींना ओळखायची खूण होती. लेखिका रॅडक्लिफ हॉल अशाच वेशात वावरत. १९२८ मध्ये त्यांच्या कादंबरीवर इंग्लंडच्या न्यायालयानं बंदी घातली. आज जी गोष्ट दुकानात मांडलेली दिसते, तिच्यासाठी त्या काळी किंमत मोजावी लागे.

६. ॲनी हॉलचा टाय

आता त्या चित्रपटाकडे येऊ, ज्याच्या नावाशिवाय हा विषय पुरा होत नाही. वुडी ॲलन यांचा ‘ॲनी हॉल’, १९७७. टेनिसचा खेळ संपतो आणि नायिका डायान कीटन बाहेर येते : पांढरा शर्ट, काळा वेस्टकोट, घोळदार पँट, काळी हॅट आणि ठिपक्यांचा रुंद, लांब टाय. सगळं तिच्यापेक्षा एक माप मोठं. वडिलांच्या कपाटातून काढल्यासारखं.

वेशभूषाकार रूथ मॉर्ली यांना हे कपडे विचित्र वाटले होते. तिला हवं ते घालू द्या, असं ॲलन यांनी सांगितलं. कपड्यांत काही फॅशनकार रॅल्फ लॉरेन यांचे होते, काही कीटनचे स्वतःचे. पुढे वर्षभर अमेरिकेतल्या मुली तसे टाय शोधत हिंडल्या. कीटन यांनी नंतर आत्मकथनात जे लिहिलं ते मला फार आवडतं : हा वेश आपण न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चालणाऱ्या बायकांकडून उचलला, असं त्यांनी कबूल केलं. म्हणजे सगळ्या जगानं ज्याला ‘ॲनी हॉल’ म्हटलं, ते आधी कितीतरी अनाम बायकांनी आपापल्या आरशासमोर ठरवलं होतं. कीटन २०२५ मध्ये गेल्या. त्या आयुष्यभर तसेच कपडे घालत राहिल्या.

त्याच १९७७ मध्ये जॉन मोलॉय यांचं, नोकरीत वर चढू पाहणाऱ्या बायकांनी काय घालावं हे सांगणारं पुस्तक आलं. त्यांचा सल्ला स्कर्ट-सूटचा होता. पुढच्या दहा वर्षांत कचेऱ्यांतून त्या सूटवर गळ्यापाशी रेशमी, मऊ, मोठी बो बांधलेली बाई सर्वत्र दिसू लागली. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची बो सगळ्यांना आठवत असेल. ती बो टायचीच बहीण, पण घाबरलेली. मला मान हवा आहे, पण रागावू नका, मी अजून बाईच आहे, असं ती म्हणते. त्या बायकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, त्यांना रोज कुठे वावरावं लागे हे त्यांनाच ठाऊक. पण कीटनचा टाय सैल आहे आणि त्याला कुणाची परवानगी नको आहे. स्टीनकर्कची पिळलेली पट्टी आठवते ना? गाठ थोडी ढिली असली की कळतं, ही माणसानं स्वतः बांधली आहे. २००२ मध्ये अव्रिल लव्हीन या कॅनेडियन गायिकेनं बिनबाह्यांच्या बनियनवर टाय अडकवला, तेव्हा कॉलरसुद्धा गेली आणि उरली फक्त गाठ.

७. साडीला कॉलर नसते

भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. तिची आई बँकेत जाते ती साडी नेसून किंवा कुर्ता घालून. दोन्हींना टाय बसेल अशी कॉलर नाही. गळ्यात मंगळसूत्र, खांद्यावर पदर किंवा ओढणी, पट्टीला जागाच कुठे आहे? आणि गरजही नव्हती. युरोपातली टायपिस्ट कचेरीत गेली तेव्हा तिच्याकडे मानाचा स्वतःचा पोशाख नव्हता. आपल्याकडची पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली वकील बाहेर पडली तेव्हा तिच्याकडे साडी होती. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या आणि १८९२ मध्ये परीक्षेला बसल्या, त्या साडीतच. खळ घातलेल्या सुती साडीचा दरारा कुठल्याही टायपेक्षा कमी नसतो, हे ज्यांना कडक मुख्याध्यापिका होत्या त्यांना सांगायला नको.

तरी टायचा एक नातेवाईक आपल्याकडे साडीवर येऊन बसलाच. उच्च न्यायालयाच्या आवारात सकाळी पाहावं : काळा कोट, पांढरी कॉलर आणि गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या. वकील त्यांना ‘बँड’ म्हणतात. स्त्री आणि पुरुष दोघांनाही ते सारखेच.

आणि शाळेचा टाय? १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजच्या वल्हेकऱ्यांनी हॅटभोवतीच्या रंगीत पट्ट्या काढून गळ्याला बांधल्या आणि तिथून संस्थेच्या पट्ट्यापट्ट्यांचा टाय सुरू झाला, असं सांगतात. ती खूण इंग्रजी शाळांबरोबर आपल्याकडे आली. तिचा अर्थ एवढाच : हे मूल आमचं. म्हणून ती मुलाला आणि मुलीला सारखीच बांधतात. शाळा सुटली की मुलाचा टाय त्याला पुढे नोकरीत भेटतो, मुलीचा शाळेतच राहतो.

८. मोजपट्टी घेऊन

ज्यांना टाय लावून पाहायचा आहे त्यांच्यासाठी थोडं गणित. बाजारातला टाय साधारण ५८ इंच लांब असतो. उंच पुरुषाच्या कॉलरभोवती १६ इंच जातात, साध्या गाठीत ९. उरले ३३. पुढचं रुंद टोक पट्ट्यापर्यंत यायला १८ लागतात, मागचं बारीक टोक १५ राहतं आणि झाकलं जातं. आता सव्वापाच फुटांची बाई घ्या. गळ्याला १३, गाठीला ९, उरले ३६. कॉलरपासून कमरेपर्यंत १५ पुरतात. म्हणजे मागचं टोक २१ इंच, पुढच्यापेक्षा ६ इंच जास्त, आणि खालून डोकावणार. टाय आपल्याला शोभत नाही असं बायकांना वाटतं, त्याचं कारण बऱ्याचदा हे ६ इंच असतात.

उपाय दोन. विंडसर नावाची मोठी गाठ मारली तर आणखी चारपाच इंच खपतात, मात्र लहान कॉलरीत ती लाडवासारखी फुगते. दुसरा उपाय बरा : साधी गाठ आणि लांब टोक कमरेत खोचायचं. गाठींना तोटा नाही. केंब्रिजचे दोन भौतिकशास्त्रज्ञ, थॉमस फिंक आणि योंग माओ यांनी १९९९ मध्ये हिशेब मांडून दाखवला की, जास्तीत जास्त नऊ हालचालींत टाय ८५ प्रकारे बांधता येतो. आपल्याला एक आली तरी पुरे.

आणि चांगला टाय ओळखायचा कसा? साधा चौकोनी रुमाल घ्या. काठाच्या दिशेनं ओढा, ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा, ताणतो. ब्लाऊजच्या गळ्याला क्रॉस पट्टी लावतात ती याचसाठी, वळणावर ती चुणी न पडता बसते. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२० च्या दशकात टाय असाच तिरका, तीन तुकड्यांत कापायला सुरुवात केली. त्यामुळे तो सरळ लोंबतो आणि गाठ सोडली की पुन्हा पहिल्यासारखा होतो.

हे सगळं भाचीला सांगत बसले नाही. तिच्या बाबांचा निळा टाय आणला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो टी-शर्टवर गुंडाळला. गाठ मारली तशी ती घसरून मानेच्या मागे गेली. पुन्हा मारली, पुन्हा गेली. मग तिलाच सुचलं. आत जाऊन ती बाबांचा शर्ट घालून आली. बटणं लावायला वेळ लागला, कारण पुरुषांच्या शर्टाची काजं डाव्या बाजूला असतात आणि तिच्या फ्रॉकची उजव्या. कॉलर उभी केली, रुंद टोक बारीकवरून नेलं, एक फेरा, वरून आत, खाली ओढलं. बारीक टोक गुडघ्यापर्यंत आलं, ते तिनं स्कर्टच्या पट्ट्यात खोचलं. गाठ हनुवटीखाली अगदी नीट बसली होती. तिनं आरशात पाहिलं आणि दोन बोटं आत घालून ती थोडी सैल केली.